जेट्टीवर आधी पोहोचून करायचे काय?

दोघा मित्रांनी सायकलींवर सामान बांधून कोकण किनाऱ्याने गोव्याकडे निघायचे ठरवले, की आधीची सगळी चर्चा सायकलींची होते. टायर किती रुंद असावा, कॅरिअर लोखंडी की ॲल्युमिनियमचे, हेल्मेट कुठले घ्यावे. दोघांचे रस्त्यावर एकमेकांशी कसे जमणार, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. मैत्री जुनी, म्हणजे तो सुटलेलाच, असे दोघेही धरून चालतात. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या दिवसांत ते खपूनही जाते. मग सहलीत एक दिवस असा येतो, की मधेच मुक्काम केला तर पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते आणि शंभर किलोमीटर काढावेच लागतात. पहिली कुरबुर होते ती त्या दिवशी. या लेखाचे म्हणणे एवढेच, की हा लांबचा दिवस दोघांपैकी हळू चालवणाऱ्याच्या वेगाने आखावा आणि एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहूनच पुरा करावा. ऐकायला हे निव्वळ सौजन्य वाटेल. पण कागदावर वेळ मांडून पाहिला, तर जलद चालवणाऱ्याचेही यात फारसे काही जात नाही, असे दिसते.

उदाहरणादाखल दापोली ते गणपतीपुळे हा टप्पा घेऊ. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग नकाशावर समुद्राला चिकटलेला दिसतो, त्यामुळे तो सपाट असणार असा घाटावरच्या नवख्या सायकलस्वारांचा समज होतो. किनाऱ्याची घडण तशी नाही. जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, थेट समुद्रापर्यंत आलेले आहेत आणि खाड्यांनी त्यांचे तुकडे पाडले आहेत. त्यामुळे प्रत्येक खाडी आणि प्रत्येक व्हाळ म्हणजे सड्यावरून समुद्रसपाटीला उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. दापोली दोनशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. तिथून दाभोळला खाली यायचे, फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला लागायचे, सड्यावर चढून पलीकडे गुहागरला उतरायचे. पुढे पालशेत, हेदवी करत वरखाली तवसाळची जेट्टी, तिथे शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड, पुन्हा चढ, आणि मालगुंडावरून गणपतीपुळे. अंतर शंभराच्या आसपास आणि एकूण चढ हजार मीटर धरूनच चालावे. हा चढ एका घाटात संपला असता तर बरे झाले असते. तो शंभर-दीडशे मीटरच्या हप्त्यांनी येतो, आणि ‘आता संपला’ असे मनाशी म्हणायला शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत सोय नसते.

या टप्प्यात दोन जेट्ट्या आहेत आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा तिथेच मिळतो. फेरीबोट तिच्या वेळेला सुटते. जलद गडी वीस मिनिटे आधी पोहोचला, तर ती वीस मिनिटे तो कठड्यावर बसून मचवे मोजतो, कारण पलीकडे दोघांना एकाच बोटीने जायचे असते. बोट मिळणार की चुकणार हे मागून येणाऱ्यावर ठरते, आणि तो पाच मिनिटांनी चुकला तर पुढच्या फेरीपर्यंतचा वेळ दोघांचाही जातो. म्हणजे पुढच्याने चढावर घाम गाळून मिळवलेल्या मिनिटांची किंमत जेट्टीवर शून्य होते. तीच ताकद मागच्याचे ओझे हलके करण्यात खर्ची पडली असती, तर दोघे आधीच्या बोटीत बसले असते. बोटींच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी किंवा जेट्टीवर फोन करून त्या विचारून घ्याव्यात. मग त्या वेळांवरून उलटे मोजत यावे: हळू चालवणाऱ्याला तिथवर किती वेळ लागेल, त्यात वीस मिनिटे पंक्चरची मिळवायची, आणि तेवढ्या आधी दापोली सोडायची.

आता पूर्ण दिवसाचा हिशेब. डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. साडेसहाला दिवे लावून निघालात आणि साडेपाचला पोहोचायचे ठरवलेत, तर हातात अकरा तास असतात. सामान आणि चढ धरून हळू गड्याचा चालता वेग ताशी १५ किलोमीटर पडतो असे समजू. शंभर किलोमीटरला ६ तास ४० मिनिटे होतात. जलद गडी ताशी १८ने गेला, तर साडेपाच तासांच्या वर दोन-तीन मिनिटे. फरक सव्वा तासाच्या थोडा आत. आता उरलेल्या वेळेकडे बघा. हळू गड्याकडे चार तास वीस मिनिटे उरतात. त्यांतून दोन बोटी आणि त्यांची वाट पाहणे यांना दीड तास द्या, नाश्ता आणि दुपारच्या जेवणाला दीड तास द्या, तरी एक तास वीस मिनिटे हातात राहतात. लांबच्या दिवसाचे भवितव्य या शेवटच्या तासावर ठरते, आणि तो कुठे जातो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. एक फोटोसाठी थांबतो तेव्हा दुसऱ्याला तहान नसते. दुसरा दोन किलोमीटर पुढे पाण्यासाठी थांबतो तेव्हा पहिल्याला निघायची घाई असते, आणि त्याला लघवीची आठवण होते ती पुढच्या वळणावर. सात-सात मिनिटांचे असे दहा फुटकळ थांबे झाले, की सत्तर मिनिटे संपली. वेगातला सगळा फरक तिथेच फिटला! एकट्याच्या प्रवासात हे होत नाही. दोघांच्या प्रवासात थांबे आपोआप दुप्पट होतात, म्हणून ते जुळवून घ्यावे लागतात. साधारण तासातून एकदा थांबायचे आणि त्या दहा मिनिटांत दोघांनीही सगळे उरकायचे: पाणी, खाणे, फोटो, सामानाची दोरी आवळणे. एवढी शिस्त पाळली, तर ताशी तीन किलोमीटरचा वेग वाढवून जे मिळाले असते ते पाय न दुखवता मिळते.

चढांवर मात्र दोघांतला फरक खरोखर मोठा असतो, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन आहे आणि एकाचे पाय १०० वॉट शक्ती सातत्याने देतात, दुसऱ्याचे १५०, असे धरा. हवा आणि टायरचा विरोध बाजूला ठेवला तरी हजार मीटर चढायला पहिल्याला १४७ मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला ९८. एकोणपन्नास मिनिटांचे अंतर. आता हळू गड्याचे ५ किलो सामान जलद गड्याच्या कॅरिअरवर हलवा. पहिल्याचा वेळ १३९वर येतो, दुसऱ्याचा १०३वर जातो, आणि अंतर ३५-३६ मिनिटांचे राहते. दहा किलो हलवले तर १३१ आणि १०९, म्हणजे फरक २२ मिनिटांचा. सराव करून १०० वॉटचे १२० वॉट व्हायला महिने लागतात. इकडे दोन पिशव्या एका सायकलीवरून दुसरीवर बांधायला पाच मिनिटे पुरतात, आणि तरीही बहुतेक जोड्या निघताना सामान ‘निम्मे निम्मे’ वाटून घेतात, कारण तसे न्याय्य वाटते. चढाला न्याय कळत नाही. जलद गड्याला वाढीव वजनाचा जो त्रास होतो तो हजार मीटरमागे पाच ते अकरा मिनिटांचा आहे, आणि तेवढी मिनिटे तो एरवी वर बसून घालवणारच होता.

सामान असे हलवले की एकत्र राहणे आपोआप सक्तीचे होते, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. दोघांत एक पंप, एक हत्यारांचा संच, दोन ट्यूब असे वाटून घेतले आणि ते सगळे पुढे जाणाऱ्याच्या पिशवीत राहिले, तर मागच्याचे टायर बसल्यावर त्याने काय करायचे? खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर अनेक ठिकाणी मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे पुढच्याला ते कळणारही नाही. म्हणून पंप, पंक्चरचे साहित्य आणि किमान एक लिटर पाणी कायम हळू चालवणाऱ्याकडे असावे. जड पण लगेच न लागणारे सामान, म्हणजे कपडे, चादर, चार्जर, कुलूप आणि साखळी, जलद गड्याकडे. शक्य असेल तर दोन्ही सायकलींच्या चाकांचे माप आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह एकाच प्रकारचा असावा, म्हणजे एकाच्या ट्यूब दुसऱ्याला चालतात. आणि गिअर बदलायला पैसे असतील, तर ते हळू गड्याच्या सायकलीवर आधी खर्च करावेत. आठ टक्क्यांच्या चढावर १०० वॉटने ९० किलो ओढताना वेग ताशी साडेचार किलोमीटरच्या जवळपास राहतो. समोर २८ दात्यांची आणि मागे ३४ दात्यांची चक्री असली तरी या वेगाला पायडल मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपासच फिरते, त्याहून जड गिअरवर गुडघे बोलू लागतात. हाच आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. ताशी साडेचार म्हणजे चालण्याचा वेग. किलोमीटरभर चढावर सायकलवरून उतरून, ढकलत ताशी साडेतीनने चालले, तर चारेक मिनिटांचा फरक पडतो. उतरून ढकलण्याची लाज वाटायचे मग काही कारण उरत नाही. उलट पायांचे वेगळे स्नायू वापरले जातात, बूड आणि मनगटे सुटी होतात.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावे आणि वर किंवा गावात भेटावे, यात बिघडते काय? बिघडते ते वरच्या थांब्यावर. जलद गडी चढ संपवतो, सावली बघून टेकतो, पाणी पितो, बारा-पंधरा मिनिटांत ताजातवाना होतो. तेवढ्यात दुसरा धापा टाकत येतो. पहिला विचारतो, ‘निघायचे?’ आणि आपल्यामुळे उशीर झाला या संकोचाने दुसरा हो म्हणतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची जास्त गरज होती त्याला ती एकदाही मिळत नाही, आणि ज्याला गरज नव्हती त्याला दहा वेळा मिळते. दुपारपर्यंत दोघांतले अंतर वाढत जाते, आणि जलद गड्याला प्रामाणिकपणे असे वाटू लागते की मित्राचा सरावच कमी पडला. सराव कमी असेलही, पण निम्मा दोष या व्यवस्थेचा असतो. वेगवेगळे चढायचेच असेल तर एक नियम करा: वर थांबलेल्याची विश्रांती मागचा पोहोचल्या क्षणापासून मोजायची, आणि पूर्ण दहा मिनिटे होईपर्यंत ‘निघायचे?’ हा शब्द काढायचा नाही. हा नियम पाळून पाहिला, की सोबत चढण्यात फार वेळ जात नाही हे जलद गड्यालाही आपसूक पटते.

हा वाद सायकलींच्या जगात नवा नाही. १८९७मध्ये बारा इटालियन सायकलस्वार एका दिवसात, सूर्योदय ते सूर्यास्त, रोमहून नेपल्सला गेले आणि त्यातून ‘ऑडाक्स’ या लांब पल्ल्याच्या परंपरेचा उगम झाला. फ्रान्समध्ये ती रुजवली आंरी देग्रांजने, १९०४ साली. आदल्याच वर्षी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारा तोच हा माणूस, हे गमतीचे आहे, कारण ऑडाक्सचा नियम शर्यतीच्या नेमका उलट होता: सगळ्यांनी गटाने, पुढे असणाऱ्या कप्तानाने धरलेल्या ठराविक वेगाने जायचे, कोणी पुढे पळायचे नाही. १९२१मध्ये यात फूट पडली आणि पॅरिसच्या ऑडाक्स क्लबने ‘मुक्त वेगा’चे ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या मुदतीत आपापल्या वेगाने पुरे करायचे लांब पल्ले, सुरू केले. मुंबई, पुणे, नाशिककडे आज जे २०० किलोमीटरचे, साडेतेरा तासांच्या मुदतीचे ब्रेव्हे होतात ते याच दुसऱ्या शाखेचे. आपापल्या वेगाच्या बाजूने बोलणारे या शाखेचा दाखला देतात, आणि तो वरवर भक्कम आहे. पण मुक्त वेगाच्या ब्रेव्हेत ठराविक नियंत्रण-चौक्या असतात, प्रत्येकाकडे स्वतःचे संपूर्ण साहित्य असते, आणि तिथे कोणाच्या पोहोचण्यावर दुसऱ्याची बोट अवलंबून नसते. दोन मित्रांच्या सहलीत यांतले एकही नाही. गटाने जाण्याची जुनी पद्धत मात्र आजही युरोपात टिकून आहे. ताशी साडेबावीस किलोमीटरचा तिचा वेग कोकणात झेपणार नाही. वेग आधी ठरवायचा आणि मग मोडायचा नाही, ही त्यातली गोष्ट उचलण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जलद गडी म्हणतो, फार हळू चालवले की मी उलट जास्त थकतो, खोगिरावर जास्त वेळ बसावे लागते. यात तथ्य आहे. पायांची लय ज्याची त्याची असते, आणि चढावर ती जबरदस्तीने मंदावली तर गुडघ्यावर ताण येतो. म्हणून नजरेच्या टप्प्यात राहणे म्हणजे चाकाला चाक लावून जाणे नव्हे. चढावर हळू गड्याला पुढे ठेवावे, म्हणजे वेग तो धरतो आणि मागच्याला पुढचे दिसत राहते. अगदीच लय तुटत असेल तर मागच्याने पुढच्या वळणापर्यंत जावे आणि तिथे पाय न टेकता रेंगाळावे. फाटा आला की दोघे भेटल्याशिवाय कोणीही वळायचे नाही, कारण कोकणातल्या गावरस्त्यांवर पाट्या असतील याचा भरवसा नाही, आणि चुकीच्या फाट्याने तीन किलोमीटर उतरून गेलेल्याला ते तीन किलोमीटर पुन्हा चढून यायचे असतात. उतारावर गणित पालटते. वजन जास्त असलेली सायकल जोरात सुटते, ब्रेकवर ताण येतो, वळणांवर जांभ्याची खडी पसरलेली असते. तिथे सामान लादलेल्या जलद गड्याने मागे राहावे आणि खाली पोहोचून दोन्ही सायकलींचे ब्रेक तपासावेत. सपाटीला वारा समोरून असेल तर मात्र त्याने पुढे व्हावे. या किनाऱ्यावर थंडीत सकाळी वारा जमिनीकडून असतो आणि दुपारी तो समुद्राकडून, वायव्येकडून येऊ लागतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्यांना दुपारी तो बहुधा पाठीवर किंवा कुशीवर मिळतो. मागच्याला वाऱ्याचा आडोसा द्यायचे शर्यतीतले तंत्र इथे फार कामाचे नाही, कारण त्यासाठी चाके जितकी जवळ आणावी लागतात तितकी खड्ड्यांच्या रस्त्यावर आणणे नवख्यांना धोक्याचे आहे.

‘मग सकाळी ऊन नसताना वेग घ्यावा आणि अंतर पाडून टाकावे’, असा तिसरा युक्तिवाद येतो, आणि यात हळू गडीही उत्साहाने सामील होतो. लवकर निघणे शंभर टक्के योग्य, वेग वाढवणे नाही. सपाटीवर सामानासकट ताशी २०ने जाणाऱ्याने २५ने जायचे ठरवले, तर वेग सव्वापट होतो, पण लागणारी शक्ती दीडपटीच्याही पुढे जाते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नास किलोमीटरमागे अर्धा तास वाचतो आणि त्याची भरपाई दुपारच्या चढांवर व्याजासकट करावी लागते. शरीरातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, चारशे-पाचशे ग्रॅमच्या घरात असतो आणि जोर लावला की तो झपाट्याने संपतो. एकदा तो तळाला गेला, की जेवूनही तासभर अंगात त्राण येत नाही. म्हणून वेग मंद ठेवून खाणे तासाला सुरू ठेवायचे. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात, दोन राजगिऱ्याचे लाडू किंवा मूठभर खजूर हेही चालते. दापोलीच्या बाजारात आदल्या रात्री डझनभर केळी घेऊन ठेवा, कारण सड्यावर मैलोन्‌मैल टपरी नसते. डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर असतो आणि हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने सपाट मोजून. गुहागरला पोटभर मासे-भात खायचा मोह होतो, आणि तो टाळा असे सांगणे माझ्या जिवावर येते. निदान अर्धे ताट खाऊन उरलेली भूक गणपतीपुळ्यासाठी ठेवा. सोलकढी मात्र दोन वाट्या घ्यावी.

जोडीने जाण्याचा खरा लाभही इथेच, उन्हात मिळतो. आपली उष्णतेने अवस्था बिघडते आहे हे स्वतःला शेवटी कळते. सोबतच्याला ते आधी दिसते: बोलणारा माणूस गप्प होतो, सायकल रेषेत चालत नाही, उन्हात अंगावर काटा येतो, साध्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो. अशा वेळी सावली, ओले फडके मानेवर, साखर-मिठाचे पाणी, आणि अर्ध्या तासात फरक पडला नाही किंवा बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर सायकलींचा विचार सोडून थेट वाहन आणि दवाखाना. पण हे दिसायला सोबती दृष्टीच्या टप्प्यात हवा. दोन किलोमीटर पुढे गेलेल्या मित्राचा या बाबतीत उपयोग शून्य.

राहिला हळू गड्याचा स्वाभिमान. आपले सामान दुसऱ्याने वाहावे, आपल्यासाठी दिवस आखावा, हे पुष्कळांना झोंबते, आणि ते लपवायला ते सकाळच्या पहिल्या चढावर जीव तोडून पायडल मारतात. फ्रान्सच्या सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा आणि सायकल पर्यटनाचा आद्य पुरस्कर्ता मानला जाणारा माणूस. त्याने लांबच्या प्रवासासाठी काही नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, यांच्या जोडीला केवळ अहंकारापोटी पायडल मारू नये हाही नियम त्यात आहे. तो १९३०मध्ये वारला, त्याच्या काळच्या सायकलींशी आजच्या सायकलींचे नाते उरलेले नाही, पण या नियमाला जुनेपणा आलेला नाही. यावर व्यवहारी उपाय असा, की सामान कोणी किती न्यायचे हे रस्त्यावर, दमलेल्या चेहऱ्याकडे बघून ठरवू नये. त्यात दया डोकावते आणि ती दोघांनाही नको असते. निघण्याआधीच्या रविवारी सारख्याच वजनाने एखादा परिचित चढ दोघांनी चढावा, वेळ मोजावा आणि त्या आकड्यावरून किलो वाटून घ्यावेत. आकड्याशी कोणी रुसत नाही.

दिवस मधेच तोडायचा निर्णयही असाच आधी घ्यावा. दापोली-गणपतीपुळे टप्प्यात तोडायला सोयीची जागा गुहागर आहे, निम्म्याच्या जरा अलीकडे. राहायला घरे मिळतात, जेवण मिळते. दुपारी एकच्या आत गुहागर सुटले नाही तर तिथेच मुक्काम, असे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. पुढे वेळणेश्वर आणि हेदवी हे दोन पर्याय आहेत, पण तवसाळची बोट गाठायच्या नादात ते मागे टाकले, की अंधारात जयगडचा चढ उरतो. हा निर्णय घेण्याचा अधिकार त्या दिवशी जो मागे आहे त्याचा असावा, आणि त्याने ‘बस’ म्हटले की दुसऱ्याने ‘अजून वीसच किलोमीटर’ म्हणू नये. वीस किलोमीटर हे ताज्या पायांना तासाभराचे आणि थकलेल्याला दोन-सव्वादोन तासांचे असतात, त्यामुळे दोघे एकाच आकड्याविषयी बोलत असूनही वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतात.

एवढा हिशेब घालून निघायचे तर मजा कुठे राहिली, असे कोणी विचारील. हिशेब आदल्या रात्रीच्या अर्ध्या तासाचा आहे. तो झाला की दिवसभर घड्याळ, बोट आणि मित्राचा चेहरा यांच्याकडे सतत बघत बसावे लागत नाही, आणि हेदवीच्या किनाऱ्यावरची बामणघळ पाहायला पाऊण तास काढता येईल की नाही, याचे उत्तर तिथल्या तिथे देता येते.

पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी जेवण सांगून ठेवा, कारण घरगुती जेवण तयार व्हायला वेळ लागतो आणि अंग टेकले की कोणी उठत नाही. चेन पुसून तेल घाला, टायरमध्ये रुतलेले खडे काढा. दुसरा दिवस आरे-वारे मार्गे रत्नागिरीपर्यंतच ठेवा, तो पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत येतो आणि पायांना मोकळीक मिळते. सामान मात्र पुन्हा नव्याने वाटून घ्या. जादा वजन वाहिलेल्याचे पाय दुसऱ्या सकाळी जड असू शकतात, आणि आज जो मागे राहिला तोच उद्याही मागे राहील असे गृहीत धरायला काही आधार नाही.